उघडलेल्या त्रेचाळीस डब्या

गुरुवारी संध्याकाळी ह्यांचा फोन वाजला तेव्हा मी येसराच्या पिठाचं शेवटचं पाकीट मेणबत्तीवर चिकटवत होते. हे नुसते "हो सर, हो सर" करत होते अन् बोलता बोलता खुर्चीतून उठून उभे राहिले. आमच्याकडं फोनवर बोलताना माणूस उभा राहिला की समजायचं, एकतर कुणी गेलं, न्हाईतर कुणी मोठं माणूस घरी यायलंय. फोन ठेवला अन् म्हणाले, "अगं, रविवारी येणार हायेत. ते स्वतः. आपलं कपाट बघायला."

माझ्या हातातलं पाकीट सरळ ज्योतीत गेलं. प्लास्टिक जळल्याचा वास सुटला.

"लक्ष कुठाय तुझं?" हे म्हणाले.

लक्ष कुठं असणार! त्या कपाटातच होतं. कपाटातल्या त्रेचाळीस डब्यांत.

हे कपाटाचं प्रकरण आधी सांगायला पाहिजे. माझा नवरा मास्तर. आम्ही राहतो पालमला अन् ह्यांची जिल्हा परिषदेची शाळा तिथून पुढं एका खेड्यात. सकाळी नवाला गाडीला किक मारायची ती संध्याकाळी सहाला परत. पान नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. सोयरेधायरे माझ्या आईला म्हणायचे, जावई म्हणजे देवमाणूस. देवमाणसाला एकच नाद, व्हिडिओ गेमचा. अन् तोही खेळायचा नव्हे, जमवायचा. पुस्तकाएवढ्या प्लास्टिकच्या डब्या, आत एक चकती, वरून चकचकीत पारदर्शक कागदाचं सील. असल्या चारशे बारा डब्या आमच्या समोरच्या खोलीत, काचेच्या कपाटात, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेल्या. ज्या कपाटात लोक चांदीचे गणपती अन् सुनेच्या माहेरचे कप ठेवतात, त्या कपाटात.

लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं होतं, "ह्या कधी खेळायच्या?"

"निवांत. रिटायर झाल्यावर."

"अन् मग आत्ता आणून ठेवायच्या कशाला?"

"तुला न्हाई कळायचं," म्हणाले.

मला कळत होतं. सहावी-सातवीत असताना हे चुलत्याबरोबर परभणीला जायचे. तिथं एका गल्लीत गेमचं दुकान होतं. ह्यांना आत जायची मुभा नव्हती, दारात उभं राहून दुसऱ्या पोरांचा खेळ बघायचा. ते एकदा सांगितलं मला, लग्नाच्या पहिल्या वर्षी. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण नंतर प्रत्येक पाकीट घरी आलं की हे ते दोन्ही हातांवर घेऊन दारात जरा वेळ उभे राहायचे, तेव्हा मला ते दुकान आठवायचं.

टीव्हीखाली खेळायचं मशीनसुद्धा होतं. आणलं त्या दिवशी हळदीकुंकू लावलं, चालू केलं, स्वतःचं नाव टाकलं, एक फुटबॉलचा गेम मशीनबरोबर फुकट आलेला तो दहा मिनिटं लावला, सात गोल खाल्ले अन् बंद केलं. त्यानंतर मशीनवर मी विणलेला रुमाल. कुणी विचारलं तर ठरलेलं उत्तर, "झाकली मूठ सव्वा लाखाची." एकदा सील फोडलं की ती चीज संपली, असं ह्यांचं म्हणणं.

आता गुरुवारी फोन आला तो कुणाचा? राज्यभरातल्या असल्याच नादी लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यातले जे सगळ्यांत जाणते, संभाजीनगरचे, त्यांचा. सील खरं की खोटं हे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही म्हणे. पुण्यात ह्या लोकांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, अन् तिथं एकच टेबल अशा माणसाला मिळणार होतं ज्याच्याकडची एकही डबी उघडलेली नाही. नावाची पाटी लावून. ह्यांनी ग्रुपवर लिहून दिलं होतं, माझ्या चारशे बारापैकी एकीलाही हात लागलेला नाही. त्या लोकांत डबी उघडून परत सील करून 'नवी आहे' म्हणणारा माणूस म्हणजे दुधात पाणी घालणाऱ्यापेक्षा वाईट. तसला सापडला की नाव ग्रुपवर टाकतात, पुन्हा कुणी दारात उभं करत नाही.

तर रविवारी त्या माणसाला माझी एक जरी डबी ओळखू आली, तर माझा देवमाणूस नवरा लबाड ठरणार होता. अन् लबाडी माझी होती.

चार वर्षांपूर्वी गच्चीवर कुरडया वाळत घालताना मी पायरीवरून घसरले. घोट्याचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर. हे शाळेला जायचे, शेजारीण दुपारी डोकावून जायची, बाकी दिवसभर मी अन् ते कपाट समोरासमोर. माझ्या स्वभावाचं सांगते, लग्नात माझ्या आईनं सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पोरगी कामाची हाय, पण डोकं तापलं की तिच्या वाटंला जाऊ नका." असल्या बाईला दीड महिना पलंगावर बसवलं तर काय होणार? दहाव्या दिवशी मी लंगडत उठले, कपाट उघडलं अन् सगळ्यांत खालच्या कप्प्यातली, मागच्या रांगेतली एक डबी काढली. वर चित्र होतं, एक बाई घोड्यावर बसून बर्फातून चाललीय.

ब्लेड दोनदा खाली ठेवलं, खोटं कशाला सांगू. पण कापलं.

ती बाई हरवलेल्या बहिणीला शोधत असते. मी तिला पहिल्या दिवशी सतरा वेळा दरीत पाडलं. सतरा वेळा! घोडं वळायचंच नाही. मला असा संताप आला की कंट्रोलर उशीवर आपटला. तिथंच सोडायला पाहिजे होतं. पण दुसऱ्या दिवशी हे गेल्या गेल्या मी परत बसले, अन् दुपारी तीनला ती बाई दरीच्या पलीकडं गेली. घरात मी एकटी, प्लास्टरात पाय, अन् मी मोठ्यानं ओरडले, "गेली गं बाई, गेली!" शेजारीण पळत आली. तिला सांगितलं, पाल गेली म्हणून.

मी येसर करते. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, मिरच्या भाजून दळायच्या, ते पीठ फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. आमच्या भागात लग्नघर म्हटलं की येसर आलंच, त्यामुळं मागणी कायम. ते भरायला मी नांदेडहून आवळून बसणाऱ्या प्लास्टिकचा रोल आणलेला. मेणबत्ती पेटवायची, कापायच्या करवतीचं जुनं पातं तापवायचं, प्लास्टिकच्या काठावर फिरवायचं, काठ चिकटतो. मग केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा मारली की कागद अंगासरशी बसतो. पाच हजार पाकिटं केली असतील मी तशी. डबी काय, पाकीट काय! त्याच पाटावर, त्याच पात्यानं, त्याच हातांनी डबी परत सील केली अन् जाग्यावर ठेवून दिली. ह्यांनी रविवारी कपाट पुसलं, डबी हातात घेतली, पुसली, ठेवली. काही नाही.

मग काय, भीड चेपली. पाय बरा झाला तरी दुपार माझी झाली. सकाळी भाजणी, दळण, अन् जमेल त्या दिवशी एक ते चार खेळ. एक संपला की सील, दुसरा काढायचा. चार वर्षांत त्रेचाळीस उघडले. सगळे शेवटपर्यंत नाही गेले, पण एकोणतीस गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी असं काही करत होते जे कुणाच्या जेवणासाठी नव्हतं, अन् त्यात मी चांगली होते. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. ज्याला सांगावं त्यालाच सांगता येत नव्हतं.

एकदा हे शाळा लवकर सुटली म्हणून साडेतीनला आले. मी कसाबसा रुमाल टाकला. ह्यांनी टीव्हीवर हात ठेवला. "एवढा गरम कसा?"

"सिरियल बघायले होते. माणसानं बघू बी नये का?" मी एवढ्या जोरात बोलले की हे गप्प चहाला बसले. माझी ही जुनी खोड, चूक माझी असली की आवाज वाढतो.

तर शुक्रवारी हे शाळेतून आले अन् जुनं मऊ बनियन फाडून एकेक डबी पुसायला बसले. मी चहा घेऊन समोर बसले. ठरवून बसले होते, की आता सांगायचं. हे डबी पुसत होते अन् कोणती कुठून आणली ते सांगत होते. ही नागपूरहून पार्सलनं. ही नांदेडच्या चाचांकडून. चाचा म्हणजे नांदेडला एका बोळात म्हाताऱ्या माणसाचं दुकान आहे, ह्यांचा पंधरा वर्षांचा व्यवहार. हे म्हणतील ती डबी चाचा कुठून तरी पैदा करायचे. मग ह्यांनी घोडेस्वार बाईची डबी उचलली, नाकाजवळ नेली.

"हिला येसराचा वास येतोय का गं?"

"येसराच्या घरात येसराचाच वास येणार, अत्तराचा येईल का?" मी ताडकन बोलले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. चहाचा कप उचलला अन् आत गेले. सांगायचं राहिलं.

शनिवारी हे आंघोळीला गेले तेव्हा मी घाईघाईनं माझ्या डब्या काढून सगळ्यांत खालच्या कप्प्यात मागं सारायला लागले. बारा झाल्या असतील तोवर हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले. काचेतून एक नजर टाकली. "हे कुणी हलवलं?"

"झाडताना पडल्या."

"पडल्या?" ह्यांचा चेहरा पांढरा. एकेक डबी उजेडात धरून कोपरे तपासले अन् सगळ्या जशाच्या तशा परत लावल्या. प्रत्येकीची जागा तोंडपाठ.

दुपारी मी दुसरी वाट धरली. भांडण काढलं. म्हटलं, "त्यांना नका येऊ म्हणून सांगा. खामखा परक्या माणसाला घरात आणायचं, त्यानं भिंग लावून आपली झडती घ्यायची, ही काय रीत झाली? आपल्या घरात चोर हायेत का?"

हे रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. कपाटाकडं बघत म्हणाले, "माझ्या दहा बदल्या झाल्या. वडलांच्या माघारी घर थोरल्याकडं गेलं. वावराच्या वाटण्या झाल्या. एकच गोष्ट अशी हाय गं, की आणली तशीच हाय. कुणाचा हात न्हाई लागला तिला."

त्यानंतर मी काय सांगणार? "लागलाय हो, माझा लागलाय," असं? रात्रीच्या भाकरीचं पीठ मळताना डोळ्यांत पाणी आलं, अन् ह्यांचाच राग आला, की एवढं का जीव लावायचा माणसानं एखाद्या न उघडलेल्या वस्तूला.

रविवारी पाहुणे अकराला आले. गंगाखेडपर्यंत रेल्वे, तिथून एसटी. पन्नाशीचे, बारीक, हातात एक लहान चामडी पेटी. डॉक्टरची असते तशी. "वहिनी, आधी जेवतो, मग बघतो. एकदा बघायला बसलो की मला भूक कळत नाही," म्हणाले. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, दही अन् येसराची आमटी. आमटी दोनदा मागून घेतली. वाटी नाकाशी धरून म्हणाले, "हा वास फार वेगळा आहे. कशाचा?" ह्यांनी कौतुकानं माझ्या येसराचं सगळं पुराण सांगितलं. मी भाकऱ्या वाढायच्या निमित्तानं आत गेले.

मग पेटी उघडली. भिंग, छोटी बॅटरी, पांढरे हातमोजे. हे एकेक डबी काढून देणार, ते बघणार, परत देणार. मी स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक पिळत उभी. सगळ्यांत खालच्या कप्प्यापासून सुरुवात केली. माझी एक डबी त्यांच्या हातात गेली, फिरली, परत आली. दुसरी गेली, परत आली. मला वाटलं, सुटले. पाच हजार पाकिटांचा हात आहे, कुणाला कळणार नाही.

तिसरी हातात घेतली अन् ते थांबले.

बॅटरी तिरपी धरली. भिंग काठावरून हळूहळू नेलं. डबी परत दिली नाही, उजव्या बाजूला सतरंजीवर ठेवली. पुढची घेतली. पुढच्या दोन ठीक. मग परत एक बाजूला. ह्यांचं देणं चालूच होतं, पण आता प्रत्येक डबी देण्याआधी हे तिचा काठ स्वतः बघायला लागले होते. तासाभरात सतरंजीवर सहा डब्या झाल्या.

"सर," ते म्हणाले, "कंपनीच्या सीलचा जोड सरळ असतो. हा बघा, लाटेसारखा आहे. हे घरगुती सील आहे. सहाच्या सहा."

"शक्यच न्हाई," हे म्हणाले.

"माझी चूक असेल तर मला आनंदच आहे. कुठून घेतल्या?"

ह्यांनी सहाही डब्या पुन्हा पुन्हा फिरवून बघितल्या. अन् नेमकं बघा, सहाही नांदेडच्या चाचांकडच्या. निम्मं कपाट त्यांच्याकडचंच, तर त्यात नवल काय? पण ह्यांना ते नवल वाटलं. ह्यांचा चेहरा आधी पडला, मग तांबडा झाला. लग्नाला अठरा वर्षं झाली, मी ह्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"चाचा, पंधरा वर्षं मी डोळे मिटून माल घेतला तुमच्याकडून! उघडलेल्या डब्या माझ्या गळ्यात मारल्या?"

"सर, कसम से," तिकडून म्हातारा आवाज, "जैसा आया वैसाच दिया मैं. मैं सील को हात भी नई लगाता."

"माझ्यासमोर पुरावा हाय! माझी इज्जत गेली तुमच्यापायी. तुमचं नाव टाकतो ग्रुपवर. उद्यापासून एक माणूस तुमच्या दुकानाची पायरी चढणार न्हाई!"

 मग चाचा म्हणाले, "डालो सर. मगर पैले मेरे सामने एक खोलके देखो. मेरा दिल साफ है."

पाहुण्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मान हलवली. पाहुण्यांनी चाकू घेतला अन् नेमकी घोडेस्वार बाईची डबी उचलली. सील कापलं. झाकण उघडलं.

आत चकती जागच्या जागी. पण झाकणाच्या सांध्यात, बिजागरीपाशी, तांबूस पिठाची बारीक रेघ. पाहुण्यांनी हातमोजा काढला, बोटाच्या टोकावर ते घेतलं, नाकाशी नेलं. मग त्यांची नजर जेवणाच्या ताटांकडं गेली. आमटीची वाटी अजून तिथंच होती. अन् मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

 नजर खाली घातली अन् डबी मिटून ठेवली. तो माणूस मला वाट मोकळी करून देत होता. मी गप्प बसले असते तर ते बोलले नसते, हे आजही मी छातीठोकपणे सांगते. हे चाचांवर ओरडतच होते. मी फक्त आत जाऊन भांडी घासायला बसायचं होतं. माझी मूठ झाकलेली राहिली असती, चाचांच्या डोक्यावर.

"फोन द्या इकडं," मी म्हणाले.

"तू मधी पडू नको."

"द्या म्हणते ना! त्यांनी न्हाई फोडलं सील. मी फोडलं. मी उघडल्यात डब्या, मी खेळले, मीच परत चिकटवल्या."

ह्यांना ऐकू आलं, पण कळलं नाही. मी हातातून फोन घेतला. "चाचा, माफ करा. चूक माझी हाय. तुमचा माल एक नंबर हाय."

"कोई बात नई बेटी," चाचा म्हणाले अन् फोन ठेवला. त्या 'बेटी'नं मला रडू फुटलं.

पाहुण्यांनी आपली पेटी भरली. ग्रुपवर कुणाविषयी काही लिहिणार नाही म्हणाले. "पण सर, टेबल देता येणार नाही." ह्यांनी मान डोलावली. स्टँडपर्यंत त्यांना सोडून आले, चप्पल दारात काढली अन् तिथूनच विचारलं, "किती?"

"त्रेचाळीस."

"कधीपासून?"

"पाय मोडला तेव्हापासून."

त्यानंतर नऊ दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. ओरडले असते, ताट भिरकावलं असतं तर मला बरं वाटलं असतं, मला भांडता येतं. पण हे जेवायचे, ताट उचलून मोरीत ठेवायचे, शाळेला जायचे. संध्याकाळी खुर्ची कपाटाकडं पाठ करून ठेवायचे. पाचव्या दिवशी मी म्हणाले, "शिव्या द्या, काय करायचं ते करा, पण बोला." हे पेपर वाचत राहिले. सातव्या दिवशी माझं डोकं फिरलं, म्हटलं, "डब्या फोडल्यात, माणूस न्हाई मारलं मी!" तरी नाही. मी टीव्हीला हात लावला नाही त्या दिवसांत. दुपारी एक वाजला की हात रिकामे व्हायचे, मग उगाच घासलेली भांडी परत घासायची. बॅग भरून बोरीला माहेरी जावं, असंही एकदा मनात आलं. गेले नाही, कारण गेले असते तर ह्यांना तोंड उघडायला घरात कुणीच उरलं नसतं.

दहाव्या दिवशी, सुट्टी होती ह्यांना, मी बाजार करून आले तर समोरच्या खोलीत टीव्ही चालू. मशीनवरचा माझा रुमाल घडी करून बाजूला ठेवलेला. हे जमिनीवर बसलेले, हातात कंट्रोलर, अन् पडद्यावर ह्यांचं नाव. त्या पहिल्या दिवशी टाकलेलं.

नावाखाली यादी होती. ते मशीन सगळं लिहून ठेवतं. कोणता गेम कधी लावला, किती तास खेळला, कुठवर गेला. हे बटण दाबत एकेक ओळ खाली चालले होते. चार वर्षं तो पुरावा टीव्हीखाली उघडा पडून होता. त्याला भिंग नको, बॅटरी नको. माझा नवरा एक दिवस नुसता खेळायला म्हणून बसला असता तरी त्याच मिनिटाला मी पकडले गेले असते.

मी पिशवी तशीच धरून दारात उभी राहिले. हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "हे सगळं माझ्या नावावर हाय."

"मला दुसरं नाव टाकता येत नव्हतं."

"नऊशे तास." ह्यांचं बटण एका ओळीवर थांबलं. "ही घोड्यावरची बाई. हिची बहीण सापडली का?"

"सापडली."

ह्यांनी यादी परत वर नेली. मग म्हणाले, अन् आवाज तसाच होता, लग्नाच्या पहिल्या वर्षी दुकानाच्या दाराचं सांगताना होता तसा, "नऊशे तास खेळलीस. एकदा बी मला बोलवलं न्हाईस."

सीलबद्दल बोलतील, टेबलाबद्दल बोलतील, अन् मग मी अशी बोलेन अन् तशी बोलेन, सगळं नऊ दिवस घोकून ठेवलेलं. त्यातलं काहीच कामी आलं नाही. "तुमी हात लावू द्यायचा न्हाईत हो," एवढंच म्हणाले, अन् पिशवी खाली ठेवून ह्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

मशीनबरोबर दोन कंट्रोलर आलेले होते. दुसरा कपाटाच्या खालच्या कप्प्यात, कंपनीच्या पिशवीत, अजून सीलबंद. ह्यांनी हात लांबवून तो काढला. मी कात्री आणायला उठले.

"राहू दे, बस," हे म्हणाले, अन् पिशवी दातानंच टराटरा फाडली.